फेलोशिप: बक्षीस, मदत की पगार?

आज महाराष्ट्रात फेलोशिप म्हटले की पीएच.डी. करणाऱ्याला दरमहा मिळणारी रक्कम एवढाच अर्थ समोर येतो. सरकारी कागदांवर तिला अधिछात्रवृत्ती म्हणतात, बोलण्यात मात्र कुणीही तो शब्द वापरत नाही. इतर अर्थही रुळले आहेत. एम.डी.नंतर डॉक्टर विशिष्ट शाखेची फेलोशिप करतात. 2015 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये तरुण पदवीधर ठरावीक मुदतीसाठी प्रशासनात काम करतात. वाद पेटतो तो पीएच.डी.च्या फेलोशिपवर.

इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत फेलो हा कॉलेजचा सभासद आणि त्याच्या उत्पन्नात वाटेकरी. आपल्याकडे ही कल्पना आली तीही जुन्याच पैशातून. पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी आटवत आणली. 1849 मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी त्यातला काही भाग मराठी ग्रंथांसाठी मागितला, तेव्हा शहरात मोठा गदारोळ झाला. पुढे कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. सार्वजनिक पैसा शिकणाऱ्या कोणाला द्यायचा, हा तंटा तेव्हापासूनचा आहे.

1984 पासून देशपातळीवर जेआरएफची (कनिष्ठ संशोधन फेलोशिपची) परीक्षा होऊ लागली; तिचेच पुढे नेट झाले. दोन वर्षे जेआरएफ, मग एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप). दरमहा रक्कम 2019 पासून अनुक्रमे 31 आणि 35 हजार, 2023 पासून 37 आणि 42 हजार. ज्यांना हे साधले नाही त्यांच्यासाठी केंद्रीय विद्यापीठांत दरमहा आठ हजारांची नॉन-नेट फेलोशिप होती. ती बंद करण्याचा निर्णय 2015 मध्ये झाला आणि विद्यार्थी दिल्लीच्या रस्त्यावर उतरले. 2022 मध्ये अल्पसंख्याकांसाठीची राष्ट्रीय फेलोशिप बंद झाली. ती इतर योजनांशी आच्छादते, हे कारण तेव्हा दिले गेले.

राज्यात अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि ओबीसी-भटक्या प्रवर्गांसाठी वेगवेगळ्या संस्थांमार्फत फेलोशिप मिळते. ऑक्टोबर 2023 मध्ये ‘समान धोरण’ म्हणून या तिन्ही संस्थांना प्रत्येकी 200 जागांची मर्यादा घातली गेली. समान आकडा म्हणजे समान न्याय नव्हे, हे तेव्हाच सांगायला हवे होते. संशोधक नोंदणी करतात ते मार्गदर्शक आणि रिक्त जागा पाहून. आकडा ठरतो मंत्रालयात. त्यापाठोपाठ चाळणी परीक्षा आली. 24 डिसेंबर 2023 च्या पेपरमध्ये 2019 च्या सेटचेच (प्राध्यापकपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेचेच) प्रश्न निघाले. 10 जानेवारी 2024 च्या फेरपरीक्षेत प्रश्नपत्रिकांच्या काही संचांना सीलच नव्हते, आणि अनेक केंद्रांवर उमेदवारांनी बहिष्कार घातला.

खरा गुंता मात्र तारखेचा आहे. फेलोशिप पीएच.डी.च्या नोंदणी दिनांकापासून द्यायची की निवड झाल्यापासून? अनुसूचित जातींसाठीच्या बार्टी या संस्थेच्या 2022 च्या तुकडीतल्या 861 संशोधकांचे मुंबईच्या आझाद मैदानातले धरणे आधी सरसकट फेलोशिपसाठी होते, मग नोंदणी दिनांकाची मागणी पुढे आली. प्रशासनाची बाजू सरळ आहे: निवडीआधीच्या काळाचे पैसे का द्यायचे? पण जाहिरात, कागदपडताळणी, मुलाखत, यादी यांत वर्ष-दीड वर्ष सहज जाते, आणि हा उशीर संशोधकाचा नसतो. या काळात त्याचे ग्रंथालय, फील्डवर्क, सहामाही अहवाल चालूच असतात. फेलोशिप घेताना दुसरीकडे नोकरी करत नसल्याचे प्रतिज्ञापत्र त्याला द्यावे लागते. म्हणजे पूर्णवेळ काम अपेक्षित आहे. मग ते काम ज्या दिवशी सुरू झाले त्या दिवसापासून पैसे न देणे ही काटकसर नव्हे, ती गरीब घरातल्या संशोधकाकडून घेतलेली बिनव्याजी उचल आहे.

विद्यापीठ मात्र मुदत पहिल्या दिवसापासूनच मोजते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्रवेशापासून साधारणपणे सहा वर्षांत प्रबंध सादर करायचा असतो. फेलोशिप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हातात पडली, तर तिची पाच वर्षे पुरी होण्याआधीच प्रबंधाची मुदत संपते, आणि उरलेले हप्ते कुणालाच मिळत नाहीत.