प्रो रेसलिंग लीगचे पुनरुज्जीवन आणि सांगली-साताऱ्याची मैदाने

प्रो रेसलिंग लीग : भारतातील व्यावसायिक फ्रीस्टाइल कुस्तीची सांघिक स्पर्धा. डिसेंबर २०१५ मध्ये ती सुरू झाली, २०१९ च्या चौथ्या हंगामानंतर बंद पडली आणि जानेवारी २०२६ मध्ये नोएडात पुन्हा भरली. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत या लीगकडे पाहताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. इनामाच्या पैशावर पैलवान पोसायची रीत इथे लीगच्या कितीतरी आधीपासून आहे. म्हणून लीग परत आली याचा इथल्या तालमींना नेमका काय उपयोग, हे यात्रेतल्या मैदानाशी, म्हणजे गावच्या यात्रेत इनामावर भरणाऱ्या मातीतल्या कुस्त्यांशी, ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

लीगचा पहिला काळ

पहिल्या हंगामात सहा संघ होते. ऑलिंपिक पदकविजेता योगेश्वर दत्त ३९ लाख ७० हजारांच्या बोलीने हरियाणाच्या संघात गेला. अंतिम लढतीत मुंबई गरुडने हरियाणा हॅमर्सला हरवले. २०१७ आणि २०१८ मध्ये पंजाब रॉयल्स जिंकले, २०१९ मध्ये हरियाणा हॅमर्स. २०१८ च्या लिलावात सुशील कुमारवर ५५ लाखांची बोली लागली. या लीगची सर्वांत मोलाची गोष्ट मात्र पैशाची नव्हती. एकाच संघात पुरुष आणि महिला मल्ल होते आणि महिलेने जिंकलेल्या कुस्तीचा गुण पुरुषाच्या कुस्तीइतकाच धरला जाई. भारतीय कुस्तीत हे फार मोठे पाऊल होते.

मराठी मुलखात याच धर्तीवर नोव्हेंबर २०१८ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत झी महाराष्ट्र कुस्ती दंगल झाली. पुणेरी उस्ताद, मुंबई अस्त्र, कोल्हापुरी मावळे, विदर्भाचे वाघ, वीर मराठवाडा आणि यशवंत सातारा असे सहा संघ उतरले. साताऱ्याच्या नावाचा संघ होता, सांगलीच्या नावाचा नव्हता. सांगलीची अभिनेत्री सई ताम्हणकर कोल्हापुरी मावळ्यांची मालकीण होती. ही लीग टिकली नाही.

मोठ्या लीगलाही २०१९ नंतर खीळ बसली. पुढे करोना आला. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत नामवंत मल्ल दिल्लीत जंतरमंतरवर बसले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक कुस्ती संघटनेने महासंघाला निलंबित केले. डिसेंबरमध्ये नव्याने निवडून आलेल्या कार्यकारिणीला क्रीडा मंत्रालयाने निलंबित केले आणि ते निलंबन मार्च २०२५ मध्ये उठले. महासंघच डळमळीत असताना लीग उभी राहणे शक्य नव्हते.

मैदान

सांगली हा १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्याचाच भाग होता. तेव्हा तो दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे दोन्हीकडची कुस्ती एकच. कुंडल, पलूस, औंध, पुसेगाव ही नावे पैलवानांच्या वर्षाच्या आखणीत यात्रांमुळे येतात. ग्रामदैवताची यात्रा ठरली की कमिटी बसते, लोकवर्गणी गोळा होते, कोणी देणगीदार पहिल्या नंबरच्या कुस्तीचे इनाम उचलतो आणि जोडी छापलेली पत्रके गावोगाव लागतात. मोठ्या मैदानात पहिल्या कुस्तीचे इनाम लाखांत जाते. त्यासाठी पंजाब-हरियाणाचे, कधी इराणचेही मल्ल येतात.

मैदानाची सुरुवात पोरांच्या कुस्त्यांनी होते. पूर्वी त्या रेवड्या-खोबऱ्यावर लागत, आता नोटांवर लागतात. जोड लावणारे पंच दोन पोरांना शेजारी उभे करतात, खांदे आणि मांड्या नजरेने जोखतात आणि हात उंचावून आकडा पुकारतात. वजनकाटा नसतो. वस्तादाला जोड पटली नाही तर तो पोराला मागे घेतो. पोरगं जिंकलं की हात पसरून कडेकडेने फिरतं. लोक दहाची, पन्नासची, शंभरची नोट त्याच्या हातावर ठेवतात. घरी जाताना त्याच्या मुठीत पत्रकावर कुठेच न छापलेला पैसा असतो. तो बहुतेक दुधात आणि बदामात जातो. संध्याकाळ होत जाते तशी हलगी तापते, घुमकं आणि कैताळ ही वाद्ये त्यात मिसळतात, निवेदक पैलवानाचे गाव, वस्ताद आणि तालीम सांगतो आणि शेवटच्या जोडीला सारे मैदान उभे राहते. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, ताक, तेल, लिंबू, हळद आणि काव घालून माती मऊ केलेली असते. पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली, नाही तर बरोबरीत सोडवतात. घिस्सा, ढाक, मोळी, एकचाक यांतला एखादा डाव बसला की पुढचे आठ दिवस पारावर तोच विषय असतो.

या व्यवस्थेचे दोष उघड आहेत. इनाम एका दिवसाचे असते, मोडलेल्या गुडघ्याचा खर्च पैलवानाच्या घरावर पडतो आणि यात्रा रद्द झाली की कमाई शून्य. २०२० आणि २०२१ मध्ये यात्रा बंद होत्या, तेव्हा अनेकांना खुराक अर्ध्यावर आणावा लागला.

दुसरा दोष कमी बोलला जातो. मोठे इनाम जड मल्लांकडे जाते. महाराष्ट्र केसरीचा किताबी गटही ८६ ते १२५ किलोचा आहे. साहजिकच चपळ, हलक्या बांध्याच्या पोराला वस्तादही वजन वाढव म्हणून सांगतात.

खाशाबा जाधव

याच भागातला सर्वांत मोठा मल्ल मात्र हलक्या वजनाचा होता. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव (१९२६–१९८४) १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलोपर्यंतच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर कराडला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. ऑलिंपिक पदकाचे कर्ज मैदानाच्या इनामाने फिटले, ही गोष्ट इथली प्रत्येक तालीम अभिमानाने सांगते.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य आणणारे हिंदकेसरी मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे, आणि पहिला महाराष्ट्र केसरी दिनकर दह्यारी (१९६१) हाही सांगलीचाच.

लीग परतल्यावर

२०२६ च्या हंगामात पुन्हा सहा संघ उतरले आणि परदेशी मल्लांवर मोठ्या बोली लागल्या. सांगली-साताऱ्याच्या दृष्टीने यातली कामाची बाब वजनगटांची आहे. लीगमध्ये ५७ किलोच्या मल्लाची कुस्ती १२५ किलोच्या मल्लाइतकीच गुण देते, म्हणून संघाला त्याच्यावरही पैसे खर्च करावे लागतात. मैदानात हे कधी घडत नाही. खाशाबांच्या वजनाच्या पोराने आपल्याच वजनात राहावे, असे सांगायला आता वस्तादाजवळ पैशाचे कारण आहे.

अडचण मॅटची आहे. लीग मॅटवर होते आणि कुस्ती सहा मिनिटांत संपते. मातीत दम राखून, पकड घट्ट करून संधीची वाट पाहणारा मल्ल मॅटवर गुणांनी मागे पडतो. पट काढणे (प्रतिस्पर्ध्याचे पाय धरून पाडणे), झटकन मागे जाऊन ताबा घेणे हे रोजच्या सरावाशिवाय येत नाही. तालुक्याच्या मोठ्या तालमींत मॅट आल्या आहेत, लहान गावांत पोरे अजून मातीतच घडतात. शिवाय लीगचा हंगाम दोन-तीन आठवड्यांचा आणि निवडले जाणारे मल्ल मोजके. उरलेल्या शेकडो पैलवानांचे वर्ष यात्रांवरच चालते. लीगच्या मालकांनी आणि महासंघाने यात्रांच्या मोसमात गावोगाव माणूस पाठवून मल्ल हेरले, तर दोन्ही व्यवस्थांची गाठ पडेल. आज ती पडलेली नाही, आणि माझ्या मते लीग टिकणार की पुन्हा बंद पडणार हे यावरच ठरेल.

महिलांच्या बाबतीत ही गाठ पडू लागली आहे. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीतच झाली. सांगलीजवळच्या तुंगच्या प्रतीक्षा बागडीने अंतिम फेरीत कल्याणच्या वैष्णवी पाटीलला चीतपट करून गदा मिळवली. पूर्वी ज्या मैदानांत मुली हौद्याजवळही दिसत नसत, तिथल्या पत्रकांवर आता महिलांच्या जोडी इनामाच्या आकड्यासह छापल्या जातात.