सायकलवर नेपाळला निघालात? आधी इलेक्शन कार्ड शोधा

दिवाळीच्या सुट्टीत मित्रांनी मिळून सायकलवर नेपाळ करायचं ठरलं की चर्चा सुरू होते ती टायरची, कॅरियरची आणि घाटांची. कागदांचं कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, "नेपाळला काही लागत नाही, आधार कार्ड असलं की झालं." हे साफ चूक आहे. या एका वाक्यामुळे सहा-सहा महिने सराव केलेली माणसं सीमेवरून परत फिरलेली मी पाहिली आहेत.

व्हिसा लागत नाही, हे खरं. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्ही देशांचे नागरिक व्हिसाशिवाय ये-जा करू शकतात. पण व्हिसा नको म्हणजे ओळखपत्र नको असं नाही. वय 15 ते 65 असेल तर (18 च्या आतल्या शाळकरी मुलांची वेगळी सोय पुढे सांगितली आहे) दोनच गोष्टी चालतात : मुदतीत असलेला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, म्हणजे आपलं इलेक्शन कार्ड. आधार, पॅन किंवा ड्रायव्हिंग लायसन्स या वयोगटाला चालत नाही. 15 पेक्षा लहान मुलं आणि 65 च्या पुढचे ज्येष्ठ यांना मात्र वय आणि ओळख पटवण्यासाठी फोटो असलेलं आधार, पॅन, लायसन्स किंवा रेशन कार्ड चालतं. गोंधळाचं मूळ इथेच आहे. कोणाचे तरी सत्तर वर्षांचे काका आधारवर पशुपतिनाथाला जाऊन येतात आणि तोच नियम सगळ्यांना लागू आहे अशी समजूत पसरते.

"अमुकला आधारवर सोडलं होतं" हेही नेहमी ऐकू येतं. सोडलं असेल. गर्दीच्या वेळी बारकाईने तपासणी झाली नसेल. पण ज्या दिवशी होईल त्या दिवशी तुमच्याकडे दाखवायला काही नसेल. आमच्या एका मित्राचं असंच झालं. तपासणीवरच्या जवानाने आधार उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे परत हातात दिलं. मित्राने सायकल स्टँडवर लावली आणि रस्त्याच्या कडेलाच पॅनियर, म्हणजे कॅरियरला लावायची पिशवी, सोडायला घेतलं, कारण सगळ्यांचा हवेचा पंप, चेनचं तेल आणि तीन जादा ट्यूब त्याच्याकडे होत्या. एकेक वस्तू काढून तो आमच्या हातात देत होता. कोणाला काही बोलवेना. त्याचं इलेक्शन कार्ड घरी, कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली होतं.

म्हणून पासपोर्ट नसेल तर पहिलं काम इलेक्शन कार्डाचं. यात लोक चार ठिकाणी अडकतात.

पहिली अडचण, कार्ड हरवलंय. दुसरी प्रत मिळवायला नमुना 8 भरतात. ऑनलाइन भरता येतो, पण त्याच नमुन्यात पत्ता बदल, दुरुस्ती, बदली कार्ड आणि दिव्यांग नोंद असे चार वेगळे पर्याय आहेत. घाईत लोक "पत्ता बदल" निवडतात आणि अर्ज भलत्याच वाटेला लागतो. तुम्हाला फक्त कार्ड हवं असेल तर बदली कार्डाचाच पर्याय निवडा. हरवल्याची पोलिसांकडची नोंद काढून जवळ ठेवा.

दुसरी अडचण जास्त त्रासाची. कार्ड हरवलं म्हणून अर्ज करायला जावं, तर यादीत नावच सापडत नाही. घर बदललं, बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारे केंद्रस्तरीय अधिकारी, पडताळणीला आले तेव्हा दार बंद होतं आणि नाव वगळलं गेलं. आता बदली कार्ड मिळणार नाही. नमुना 6 भरून नव्याने नोंदणी करावी लागते, मग पडताळणी, मग टपालाने कार्ड. एका तहसील कार्यालयात आमच्या मैत्रिणीला तीन वेळा तीन वेगळे कागद आणायला सांगितले. पहिल्याच दिवशी तिन्हींची यादी दिली असती तर तिच्या दोन रजा वाचल्या असत्या. नियम कडक असल्याबद्दल माझी तक्रार नाही. तो एकदाच आणि पूर्ण का सांगत नाहीत, याचं मात्र वाईट वाटतं. त्यामुळे अर्ज करण्याआधी यादीत नाव आहे का ते तपासा. हे काम निघण्याच्या आधी तीन महिने करा, तीन आठवडे नव्हे. आणि तुमच्या मतदारसंघात निवडणूक लागली असेल तर उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटल्यावर निवडणूक पार पडेपर्यंत यादीत नवीन नाव घेत नाहीत, हेही धरून चाला.

तिसरी अडचण, कार्ड आहे पण ओळखू येत नाही. विसेक वर्षांपूर्वीची काळी-पांढरी लॅमिनेट केलेली कार्डं, "एमटी"ने सुरू होणारा आणि मध्ये तिरप्या रेघा असलेला क्रमांक, फोटोत चेहऱ्याच्या जागी डाग. असं कार्ड आधीच बदलून घ्या. मोबाइलमधल्या ई-कार्डाच्या पीडीएफवर किंवा झेरॉक्सवर विसंबून राहू नका, मूळ कार्ड हातात हवं.

चौथी अडचण नुकत्याच 18 पूर्ण केलेल्या मुलांची, आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. 15 ते 18 वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र चालतं. वाढदिवस झाला की ती सोय संपते. आणि इलेक्शन कार्ड वाढदिवसाला मिळत नाही. मतदार नोंदणीसाठी वय मोजण्याच्या तारखा वर्षात चार आहेत : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. ऑक्टोबरच्या 10 तारखेला 18 पूर्ण करणाऱ्याला पुढची 1 जानेवारी धरतात. अर्ज आधी करता येतो, म्हणून लोकांना वाटतं कार्डही आधी येईल. तसं होत नाही. दिवाळीत निघणाऱ्या अशा मुलाला पासपोर्ट हाच एक मार्ग आहे. पालकांनो, हे जूनमध्येच बघा. प्रौढांना साध्या पासपोर्टचं शुल्क 1,500 रुपये आहे, तत्काळला वर 2,000. पोलीस पडताळणीच्या वेळी पत्त्यावर कोणीतरी भेटेल एवढं पाहा, बाकी प्रक्रिया सरळ आहे.

शाळेच्या प्रमाणपत्राबद्दल एक सूचना. शाळेचं नेहमीचं बोनाफाइड म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे. नमुना वेगळा आहे आणि बऱ्याच शाळांनी तो पाहिलेलाही नसतो. छापील नमुना तुम्हीच घेऊन जा, त्यावर मुलाचा फोटो, सही आणि शिक्का घ्या. सुट्टी लागल्यावर शाळेत सही करायला कोणी नसतं, तेव्हा हे काम सहामाही परीक्षेच्या आत उरकून घ्या.

आता सायकल. नेपाळमध्ये मोटारगाडीला किंवा मोटरसायकलला भन्सार, म्हणजे तिथल्या जकात खात्याची पावती, काढावी लागते. ते सायकलस्वारांनी मनावर घेऊ नये. पण सायकल महागाची असेल तर खरेदीचं बिल आणि फ्रेमखालच्या क्रमांकाचा फोटो जवळ ठेवा. परत येताना "ही तिकडून घेतली का?" असं विचारलं तर वाद न होता उत्तर देता येतं. सीमेजवळच्या जिल्ह्यात मतदान असेल तर त्याआधी सीमा बंद ठेवतात, तारखा पाहून घ्या. पैशांचं म्हणाल तर भारतीय 100 रुपयांना नेपाळी 160 हा दर ठरलेला आहे. शंभरच्या नोटा भरपूर न्या.

पोखऱ्याहून मुक्तिनाथला चढणार असाल तर वाटेतला वरचा भाग अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतो. तिथला प्रवेश परवाना लागतो, सार्क देशांच्या नागरिकांना नेपाळी 1,000 रुपये. तो पोखऱ्यातच काढा. कागबेनीपासून उत्तरेला, अप्पर मुस्तांगकडे सायकल वळवायचा मोह होतो, पण तो प्रतिबंधित भाग आहे. त्याचा परवाना वेगळा, महाग आणि नोंदणीकृत एजन्सीमार्फतच मिळतो. नाक्यावर विनंती करून उपयोग होत नाही.

मंडळींत कोणी परदेशी नागरिकत्व घेतलेला मित्र असेल तर त्याचं प्रकरण पूर्ण वेगळं. ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, हे भारतीय नागरिकत्व नव्हे. त्याला नेपाळचा व्हिसा लागतो, 15 दिवसांना 30 डॉलर. तो सीमेवर मिळतो, पण ठरावीक नाक्यांवरच : सुनौलीसमोरचं बेलहिया, रक्सौलसमोरचं वीरगंज, बनबसासमोरची गड्डाचौकी वगैरे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आधी भारतीय इमिग्रेशनचा बाहेर जाण्याचा शिक्का घ्यायचा. सुनौलीसारख्या गजबजलेल्या नाक्यावर ते कार्यालय सहज नजरेतून सुटतं, आणि सायकलस्वार तर गर्दीतून वाट काढत थेट कमानीपाशी पोचतो. शिक्का नसेल तर पलीकडून परत पाठवतात. अशा मित्राला एकटं पुढे जाऊ देऊ नका, सगळ्यांनी मिळून थांबा.

कोणी नेपाळऐवजी भूतान म्हणत असेल तर दोन गोष्टी आधीच सांगून टाका. तिथेही पासपोर्ट किंवा इलेक्शन कार्डच, आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. शिवाय सप्टेंबर 2022 पासून भारतीयांना माणशी दर रात्री 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. सायकलवर अंतर हळूहळू कापलं जातं, त्यामुळे हा आकडा फुगतो : 12 रात्री आणि सहा मित्र म्हणजे 86,400 रुपये, तेही जेवण आणि मुक्काम सोडून. थिंफू आणि पारोच्या पुढे गाइडही सोबत लागतो. थिंफूहून दोचुला खिंडीकडे चढताना होंग्त्शोच्या नाक्यावर परवाना तपासतात. तिथून परत फिरायचं म्हणजे अर्धा घाट फुकट चढल्यासारखं होतं.

शेवटचं, परतीबद्दल. सायकलवर गेलेला माणूस सायकलवरच परत येईल असं नसतं. खांदा निखळतो, ताप येतो आणि काठमांडूहून विमानाने यावं लागतं. विमानतळावर पासपोर्ट किंवा मूळ इलेक्शन कार्ड नसेल तर सुटका नाही. कागद हरवला तर काठमांडूच्या भारतीय दूतावासातून परतीपुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. त्या वेळी उपयोगी पडतील म्हणून कागदांच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे चार फोटो सोबत ठेवा, तेही पॅनियरमध्ये नको. सायकल आणि माणूस वेगवेगळ्या गाड्यांतून जाण्याची वेळ येते, म्हणून ते अंगावरच्या पाउचमध्ये ठेवा.