फुटबॉल गेममधील दमसास आणि थकवा

फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये सामना पुढे सरकतो तसा खेळाडूचा दम किती खर्च होतो आणि तो संपत आला की त्याचा खेळ कसा ढेपाळतो, हे ठरवणारी व्यवस्था. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सची फिफा मालिका (१९९३ पासून, २०२३ पासून ईए स्पोर्ट्स एफसी), कोनामीची प्रो इव्होल्यूशन सॉकर (२०२१ पासून ईफुटबॉल) आणि स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हची फुटबॉल मॅनेजर या प्रमुख मालिकांत ती आहे. ही व्यवस्था नसती, तर सर्वांत वेगवान खेळाडू ज्याच्याकडे, तोच प्रत्येक सामना जिंकला असता.

प्रत्येक खेळाडूला स्टॅमिनाचा आकडा असतो. फिफात तो ९९ पर्यंत जातो. फ्रान्सचा अथक पळणारा मिडफिल्डर एन्गोलो कांते याचा अनेक वर्षे नव्वदीच्या वर होता. फुटबॉल मॅनेजरमध्ये गुण १ ते २० असतात, पण तिथली विभागणी जास्त बारकाईची आहे. सामन्यात किती वेळ टिकाव धरता येतो तो स्टॅमिना, सामन्यानंतर शरीर किती लवकर सावरते ते नॅचरल फिटनेस आणि पळायची तयारी किती ते वर्क रेट. वर्क रेट भरपूर पण स्टॅमिना बेताचा, असा खेळाडू सगळ्यांच्या आधी गळपटतो. संघ निवडताना हे हमखास नजरेतून सुटते.

दम सर्वाधिक खातात ते स्प्रिंट (पूर्ण वेगाने पळणे) आणि प्रेसिंग (चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर धावून दबाव टाकणे). मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, मैदानावरचा खेळ ऊन चढायच्या आत उरकावा लागतो आणि संभाजीनगर, नांदेड, लातूरकडची पोरे दुपारी घरात मोबाइलवर फुटबॉल खेळतात. सकाळी मैदानावर धाप लागली की पाय आपोआप थांबतात. पडद्यावर मात्र बोटाला धाप लागत नाही, म्हणून नवखा खेळणारा पळण्याचे बटण सोडतच नाही. त्याची किंमत सत्तराव्या मिनिटानंतर कळते. विंगरच्या (मैदानाच्या कडेने हल्ला करणाऱ्या खेळाडूच्या) नावाखालची दमाची पट्टी रिकामी होत आलेली असते. बचावफळीमागे सुरेख पास पडतो, पुढे मैदान मोकळे असते. पण पहिल्या अर्धात ज्या बचावपटूला त्याने सहज मागे टाकले, तोच आता चार पावलांत त्याला गाठतो. वेगाबरोबर पासची आणि फटक्याची अचूकताही घसरते. फुटबॉल मॅनेजरमध्ये दमलेला खेळाडू दुखापतीच्याही जवळ गेलेला असतो.

म्हणूनच बदली खेळाडू हे या गेममधले सर्वांत मोलाचे हत्यार. खऱ्या फुटबॉलमध्ये २०२० साली तात्पुरती आलेली पाच बदल्यांची मुभा २०२२ मध्ये नियमांत कायम झाली आणि गेमनीही ती घेतली. मुरलेले खेळणारे एखादा चपळ फॉरवर्ड मुद्दाम बाकावर ठेवतात आणि साठाव्या-पासष्टाव्या मिनिटाला, समोरचा बचाव दमला की उतरवतात. चेंडू पायात ठेवून सावकाश पास देत राहणे हाही दम राखण्याचाच मार्ग आहे, कारण चेंडूमागे पळावे लागते ते समोरच्याला.

या व्यवस्थेत एक मोठी तडजोड आहे. खरा खेळाडू ९० मिनिटांत साधारण १० ते १२ किलोमीटर पळतो. गेममधला सामना बहुधा सहा-सहा मिनिटांच्या दोन अर्धांत आटोपतो. पडद्यावर दिसते तेवढ्याच पळण्याचा हिशेब धरला तर कुणी दमणारच नाही, म्हणून थकवा गेममधल्या घड्याळाच्या वेगाने वाढवला जातो. खेळणाऱ्याने अर्धांची लांबी बदलली तरी शेवटच्या टप्प्यात पाय जड व्हावेत, असा त्यामागचा हेतू असतो.

करिअर मोडमध्ये (एकच संघ हंगामभर चालवण्याच्या प्रकारात) हिशेब एका सामन्यापुरता राहत नाही. बुधवारी पूर्ण ९० मिनिटे खेळवलेला मिडफिल्डर शनिवारी पूर्ण ताजा नसतो, तर फार विश्रांती दिलेल्याची सामन्याची धार जाते. फिफा २१ पासून त्या धारेचा ‘शार्पनेस’ वेगळा मोजला जातो आणि सराव किंवा सामना दिल्याशिवाय तो वाढत नाही.