फिनिफेनमा: नावाआधीच बाजारात पोहोचलेला मासा

मालदीवच्या समुद्रात ४० ते ७० मीटर खोलीवर बोटभर लांबीचा एक मासा राहतो. नराच्या अंगावर गुलाबी, केशरी आणि जांभळट लाल रंगांची नुसती उधळण असते. शास्त्रज्ञांना तो १९९०च्या दशकात मिळाला होता, तरी वेगळी जात म्हणून त्याची नोंद झाली २०२२ साली: सिर्‍हिलॅब्रस फिनिफेनमा.

इतका उशीर का? मालदीवच्या दक्षिणेला सुमारे पाचशे किलोमीटरवर चागोस बेटं आहेत. तिथल्या एकाच पिल्लावरून १९८३ साली ‘रुब्रिस्क्वामिस’ ही जात नोंदवली गेली. पूर्ण वाढलेला मासा हाती नव्हताच. रॅस कुळातले हे मासे वाढताना रंग बदलतात. आधी मादी असतात, मग त्यांतले काही नर होतात. मालदीवचे झगमगते नर म्हणजे चागोसच्या त्या पिल्लाचंच मोठेपणीचं रूप, असं मग सगळे धरून चालले. पुढे दोन्हीकडचे मासे शेजारी ठेवून खवले मोजले, पाठीवरच्या पराच्या काट्यांची उंची पाहिली, डीएनए ताडून पाहिला, तेव्हा कुठे दोन जाती निघाल्या.

मालदीव आणि चागोस ही बेटं लक्षद्वीपपासून चागोसपर्यंत पसरलेल्या एकाच बुडालेल्या पर्वतरांगेवर आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी महाराष्ट्राचा काळा कातळ घडवणारा रीयुनियन बेटाखालचा उष्णबिंदूच, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त शिलारस वर येण्याची जागाच, तिच्याही मुळाशी आहे. भूपट्ट उत्तरेला सरकत गेला, मागे ज्वालामुखींची रांग उरली. ते खचत गेले, माथ्यावर प्रवाळ वाढत राहिले. सह्याद्रीचं आणि या माशाच्या घराचं हे नातं मला फार मोलाचं वाटतं.

हा मासा राहतो त्या खोलीवर लाल प्रकाश पोहोचत नाही. टॉर्च लावल्याशिवाय पाणबुड्याला या माशाचा खरा रंग दिसतच नाही. पाठीवर हवेची टाकी घेऊन मारलेली साधी स्कूबा बुडी साधारण ४० मीटरला थांबते. त्याखाली उतरायला उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून तीच हवा पुन्हा वापरू देणारा रीब्रीदर लागतो, आणि अशा बुडीनंतर वर यायलाच तासन्‌तास जातात.

जात नोंदवणाऱ्यांत मालदीवचे अहमद नजीब होते. मालदीवच्या शास्त्रज्ञाने नोंदवलेली ही तिथल्या माशाची पहिलीच जात, आणि नावही देशाच्या राष्ट्रीय फुलाचं, गुलाबाचं.

नावाआधीच हा मासा मत्स्यालयांच्या हौसेसाठी पकडून विकला जात होता. मालदीव ते चागोस एकच जात आहे असं मानलं की तिचा पसारा मोठा वाटतो आणि पकडीची काळजी वाटत नाही. आता दोन जाती आहेत आणि प्रत्येकीचा मुलूख तेवढा आकसलेला असू शकतो. मालदीवमधून किती मासे उचलायचे, हे मालदीवचाच साठा पाहून ठरवायला हवं.