मॅन्युअल अर्धवट का असतं: जुन्या लॅब उपकरणांच्या दुरुस्ती आणि कॅलिब्रेशनची पार्श्वभूमी

जुना ऑसिलोस्कोप (विजेच्या सिग्नलचा आलेख दाखवणारा), स्पेक्ट्रोफोटोमीटर (नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणारा), व्होल्टमीटर असं काही दुरुस्तीला घेतलं की पहिला प्रश्न एकच, मॅन्युअल आहे का? आणि बहुतेक वेळा उत्तर अर्धवट असतं. वापरायचं मॅन्युअल आहे पण सर्व्हिस मॅन्युअल नाही, किंवा सर्व्हिसचं आहे पण दुसऱ्याच सीरियल नंबरचं, किंवा सगळं आहे फक्त घडी घातलेला मोठा सर्किट डायग्राम स्कॅन करताना निम्माच आलाय. ही वेळ कशी आली ते समजलं की कुठला कागद शोधत बसायचा आणि कुठला नाही हेही कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं आधीच सांगतो: दुरुस्ती कमी कागदांवर निभावते कारण सर्किट समोर असतं, ते वाचता येतं, पण कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे उपकरणाचं रीडिंग खात्रीच्या मापाशी पडताळून जुळवण्यात, नेमकं काय हरवलंय ते आधी ओळखावं लागतं, आणि ते प्रत्येक काळातल्या उपकरणात वेगळं असतं.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. हेवलेट-पॅकार्ड (एचपी) १९३९ ची कंपनी, टेक्ट्रॉनिक्स १९४६ ची, आणि टेक्ट्रॉनिक्सचा ५११ ऑसिलोस्कोप १९४७ मध्ये आला. त्या काळात उपकरणं व्हॅक्यूम ट्यूबवर चालायची, ट्यूब कमजोर व्हायच्या, रेझिस्टरच्या व्हॅल्यू सरकायच्या, त्यामुळे घेणाऱ्याला दुरुस्ती करावीच लागणार हे कंपन्यांनी गृहीत धरलं होतं. मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट, जागोजागीचे व्होल्टेज, टेस्ट पॉइंटवर कुठला वेव्हफॉर्म दिसायला हवा त्याची चित्रं, पार्टची यादी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं म्हणजे सर्किट कसं चालतं ते समजावणारं प्रकरण. टेक्ट्रॉनिक्सच्या ५०० सीरिजच्या कॅबिनेटमध्ये तर चांदी मिसळलेल्या सोल्डरचं छोटं रीळ ठेवलेलं असायचं, कारण आतल्या सिरॅमिक पट्ट्यांवर साधं सोल्डर वापरत राहिलं तर चांदीचा थर निघून जायचा. दुरुस्ती करणारा माणूस येणार आहे आणि त्याच्या हाती काय लागणार आहे इतका विचार त्यात होता.

ते समजावणारं प्रकरण का महत्त्वाचं ते एचपीच्या पहिल्या ऑसिलेटरवरून (हव्या त्या फ्रीक्वेन्सीचा सिग्नल तयार करणारं उपकरण), म्हणजे २००ए वरून कळतं. त्यात एक साधा तापणारा बल्ब आहे, पण तो उजेडासाठी नाही, फिलामेंट तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि त्यावर ऑसिलेटरचं ॲम्प्लिट्यूड स्थिर राहतं. हे ज्याला माहीत नाही तो तिथे हाताला लागेल तो बल्ब बसवणार आणि मग डिस्टॉर्शन कुठून आलं म्हणून बाकी सगळं सर्किट तपासत बसणार. नुसत्या डायग्राममध्ये बल्ब दिसतो, तो तिथे का आहे ते दिसत नाही.

पण हे पण खरं की त्या चांगल्या काळातही कागद कधीच पूर्ण नव्हता. एकच मॉडेल पंधरा-वीस वर्षं बनायचं, मध्ये सर्किट बदलत जायचं, त्यामुळे एचपीच्या मॅन्युअलवर ते कुठल्या सीरियल प्रीफिक्सचं (सीरियल नंबरच्या सुरुवातीच्या अंकांचं) आहे ते लिहिलेलं असायचं आणि जुन्या-नव्या युनिटसाठी बदलांची वेगळी पानं असायची, जी सगळ्यात आधी गहाळ होतात. शिवाय डायग्रामवर काही पार्टशेजारी ताऱ्याची खूण (*) असते, म्हणजे ही व्हॅल्यू फॅक्टरीत त्या एका युनिटपुरती निवडून लावलीय. छापलेली व्हॅल्यू ही फक्त साधारण अंदाज. कुठल्या लक्षणावर कुठल्या बाजूला व्हॅल्यू हलवायची ते बऱ्याचदा टेस्टिंगवरच्या माणसाला माहीत, आणि ती माणसं निवृत्त झाली की ते ज्ञानही गेलं. म्हणून जुना पार्ट काढला की तो फेकायचा नाही, मोजून नोंद करून ठेवायचा, जळलेला असला तरी.

पुढे गोष्टी अवघड होत गेल्या त्या दोन-तीन कारणांनी. एक, कंपन्या पार्टवर आपले नंबर छापायच्या. एचपीची १८२० ने सुरू होणारी आयसी बऱ्याचदा बाजारातलीच साधी लॉजिक आयसी (डिजिटल चिप) असते, फक्त एचपीचा नंबर म्हणजे बाजारातला कुठला ते सांगणारं कोष्टक हवं. पण टेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकाच्या शेवटी स्वतःच्या आयसी बनवायला घेतल्या, आणि १५५ ने सुरू होणारा नंबर दिसला की समजायचं हा पार्ट बाहेर कुठेच मिळणार नाही, दुसरं मेलेलं युनिट शोधा. दोन, मायक्रोप्रोसेसर आले. डिजिटल बोर्डवर वेव्हफॉर्मचं चित्र देऊन काही कळत नाही म्हणून एचपीने १९७७ मध्ये ५००४ए नावाचा सिग्नेचर ॲनालायझर काढला, एखाद्या पिनवरून वाहणाऱ्या बिट्सची चार अक्षरी सही तो दाखवायचा आणि ती मॅन्युअलमधल्या सहीशी जुळवायची. पद्धत फार सुंदर होती, पण सह्यांची यादी हरवली तर ॲनालायझर हातात असून काही उपयोग नाही, चालू असलेल्या दुसऱ्या युनिटवरून यादी स्वतः बनवावी लागते. आणि तिसरं म्हणजे बोर्ड बदलून द्यायची पद्धत. अख्खं कार्डच बदलायचं असेल तर सर्किट छापायचं कशाला, असा हिशोब झाला आणि मॅन्युअलमध्ये ब्लॉक डायग्रामच उरला. त्यात कंपन्या बदलल्या, एचपीचा मोजमाप उपकरणांचा धंदा १९९९ ला ॲजिलंट झाला, २०१४ ला कीसाइट, अशा प्रत्येक वळणावर जुने कागद मागे राहतात.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल याहून शांतपणे झाला. पूर्वी कॅलिब्रेशन म्हणजे ट्रिमर, पॉट (फिरवून व्हॅल्यू बदलायचे पार्ट), स्क्रू, म्हणजे ॲडजस्टमेंट त्या वस्तूतच बसलेली असायची, वीज गेली, वीस वर्षं कपाटात पडलं तरी स्क्रू जिथल्या तिथे. मग १९८० च्या दशकात कॅलिब्रेशनचे आकडे मेमरीत गेले, आणि ती मेमरी बॅटरीवर. काही ठिकाणी वेगळी लिथियम बॅटरी, काही ठिकाणी ती सेल चिपच्या आतच बंद केलेली, जिची हमी साधारण १० वर्षांची. १९८९ च्या एचपी ३४५८ए सारख्या उत्तम मीटरमध्येही कॅलिब्रेशन अशाच चिपमध्ये आहे. सेल मेली की हार्डवेअर शंभर टक्के ठीक असूनही उपकरण आपली ओळख विसरतं. हे आकडे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतात, असूही शकत नाहीत, ते त्या एका युनिटचे असतात. त्यामुळे अशा उपकरणात कपॅसिटर बघायच्या आधी, स्क्रू ड्रायव्हर लावायच्या आधी, मेमरीची कॉपी काढून घ्यायची, जीपीआयबी (उपकरण कॉम्प्युटरला जोडायचं पोर्ट) वरून वाचता आली तर तशी, नाहीतर चिप काढून प्रोग्रामरवर. काढताना डेटा जाऊ नये म्हणून काय करायचं हे आधी ठरवून. ही एक गोष्ट लोक उशिरा करतात आणि मग पूर्ण कॅलिब्रेशनशिवाय मार्ग उरत नाही, ज्याची प्रोसिजरच नेमकी हाताशी नसते.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त आशादायक वाटते. कॅलिब्रेशन शेवटी कंपनीच्या कागदाशी बांधलेलं नाही, एककांशी बांधलेलं आहे, आणि एककांचा स्वतःचा इतिहास आहे. व्होल्टसाठी १९११ पासून वेस्टन सेल ही ठराविक व्होल्टेज देणारी रासायनिक सेल होती, २० अंश सेल्सिअसला १.०१८३ व्होल्ट. नंतर जोसेफसन इफेक्ट (सुपरकंडक्टरच्या जोडावर फ्रीक्वेन्सीवरून व्होल्टेज ठरवायची पद्धत) आला, पण प्रत्येक देश त्याचा थोडा वेगळा आकडा वापरायचा, शेवटी १ जानेवारी १९९० पासून सगळ्यांनी एकच आकडा घेतला. त्या दिवशी अमेरिकेचा व्होल्ट ९.२६४ पीपीएमने (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) बदलला, म्हणजे १० व्होल्टवर जवळपास ९३ मायक्रोव्होल्ट, साडेसहा डिजिटच्या मीटरवर शेवटच्या अंकात सरळ ९ चा फरक. तेव्हा १९८७ चं सर्टिफिकेट आणि आजचं रीडिंग जुळवताना मीटर सरकलाय म्हणायच्या आधी तारीख बघा. २०१९ च्या २० मेला एसआय (एककांची आंतरराष्ट्रीय पद्धत) पुन्हा बदललं तेव्हा व्होल्टमधला फरक फक्त ०.१ पीपीएमच्या आसपास होता, तो बहुतेकांना दिसणारही नाही. तापमानाचंही तसंच, आयटीएस-९० हे १९९० चं आंतरराष्ट्रीय तापमान स्केल आल्यावर १०० अंशाजवळ जुन्या स्केलपेक्षा ०.०२६ अंशाचा फरक पडला, त्यामुळे जुन्या प्लॅटिनम थर्मामीटरबरोबरचं कोष्टक कुठल्या स्केलचं आहे ते बघितल्याशिवाय वापरू नये.

आणि काही संदर्भ तर असे आहेत की त्यांना मॅन्युअल लागतच नाही. १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बी. व्ही. हॅमन यांनी मांडलेली युक्ती घ्या: दहा सारखे रेझिस्टर सीरिजमध्ये जोडले आणि मग तेच पॅरलल जोडले तर गुणोत्तर १०० येतं, आणि प्रत्येक रेझिस्टर थोडा थोडा चुकीचा असला तरी गुणोत्तरातली चूक त्या चुकीच्या वर्गाइतकी छोटी. म्हणजे एका रेझिस्टरमध्ये १०० पीपीएमचा फरक असला तरी गुणोत्तर पीपीएमच्या अगदी लहान भागापर्यंत बरोबर. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ड्यूटेरियमचा दिवा स्वतःच ४८६.० आणि ६५६.१ नॅनोमीटरला रेषा देतो, होल्मियम ऑक्साइडचं द्रावण २४० ते ६४० च्या पट्ट्यात बरीच टोकं देतं, ॲब्सॉर्बन्ससाठी (प्रकाश किती शोषला जातो त्याचं माप) परक्लोरिक ॲसिडमधलं पोटॅशियम डायक्रोमेट आहे. कंपनीचा कागद तिथे फक्त कुठला स्क्रू फिरवायचा तेवढ्यासाठी हवा असतो. फ्रीक्वेन्सी तर आता सगळ्यात स्वस्त, जीपीएसला लॉक केलेला १० मेगाहर्ट्झ कुणीही लावू शकतं. आणि तो ३४५८ए, त्याची मेमरी गेली तरी बाहेरून मुख्यतः शॉर्ट (टोकं थेट जोडून शून्य), १० व्होल्ट आणि १० किलोओहम लागतात, बाकीच्या डीसी आणि ओहम रेंज तो आतल्या आत गुणोत्तरांनी काढतो.

म्हणून जुन्या मॅन्युअलमध्ये परफॉर्मन्स टेस्ट आणि ॲडजस्टमेंट ही दोन प्रकरणं वेगळी असायची ते फार शहाणपणाचं होतं. पहिल्यात कव्हर न उघडता उपकरण आपल्या स्पेसिफिकेशनमध्ये आहे का ते बघायचं, दुसरं फक्त नसेल तर. ॲडजस्टमेंटची पानं नसतील तरी पहिली बाजू जवळपास नेहमीच करता येते, कारण त्यासाठी लागते स्पेसिफिकेशनची यादी आणि ती जुन्या कॅटलॉगमध्येही सापडते. आयएसओ/आयईसी १७०२५ हे टेस्टिंग आणि कॅलिब्रेशन लॅबसाठीचं १९९९ पासूनचं स्टँडर्डही कंपनीचीच प्रोसिजर वापरा असं म्हणत नाही, लॅबने स्वतः बनवलेली पद्धत चालते, फक्त ती सिद्ध करून दाखवायची आणि अनिश्चितता किती ते मोजून लिहायचं. त्यामुळे कागद नसलेल्या उपकरणाचं सर्टिफिकेट देता येतं, कदाचित कंपनीने दिलेल्या अचूकतेपेक्षा पाचपट ढिलं, पण खरं, आणि हात लावायच्या आधीची रीडिंग त्यात असली तर पुढच्या माणसाला ते उपकरण कुठल्या बाजूला सरकतंय तेही कळतं.