मानभावी

मानभावी (विशेषण) : पोटात स्वतःचा हेतू ठेवून ओठांवर भलेपणा, नम्रता किंवा निःस्वार्थ कळकळ आणणारा. नाम मानभावीपणा, क्रियाविशेषण मानभावीपणे. लिंगवचनाप्रमाणे रूप बदलत नाही. माणूस, बाई, प्रश्न, हसू, सगळेच मानभावी.

शब्दाचं मूळ ‘महानुभाव’. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या पंथाचं हे नाव लोकांच्या तोंडी ‘मानभाव’ झालं. म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ याच पंथाचं. पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले आणि बाहेरच्यांना ते शतकानुशतके वाचता आले नाहीत. जे वाचता येत नाही त्याबद्दल संशय धरायचा, या सवयीचाही शब्दाच्या बदनामीत वाटा असावा. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण मात्र नीट ऐकावी. तिच्यात मानभाव कसाबाच्या, म्हणजे खाटकाच्या, विरुद्ध टोकाला उभा आहे, कारण अहिंसा हे पंथाचं कडक व्रत. टोमणा आहे तो मानभावासारखं बोलून कसाबासारखं वागणाऱ्याला. पुढे लबाडाचा दोष बिचाऱ्या मानभावालाच चिकटला. पंथीयांना हा शब्द खटकतो, आणि ते रास्तच आहे.

ढोंगी माणूस काहीही सोंग आणतो, दांभिक तत्त्वांचा आव आणतो, साळसूद ‘मी नाही त्यातला’ असा चेहरा करून बसतो, आतल्या गाठीचा तर बोलतच नाही. मानभावी बोलतो, भरपूर बोलतो, आणि तेही तुमच्याच हिताचं.

याचे उत्तम नमुने मुंबईत सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मिळतात. गिरगावातली जुनी इमारत पुनर्विकासाला निघालेली. प्लास्टिकच्या खुर्च्या जिन्याखाली मांडलेल्या. एक सभासद उठतो, हात जोडतो : “माझं काय हो, माझी किती वर्षं राहिलीत? पण दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना लिफ्ट मिळायला हवी, एवढंच.” आजींचे डोळे भरून येतात. बिल्डर त्याच्या मेहुण्याचा भागीदार आहे, हे सही झाल्यावर कळतं. इथे “तो खोटं बोलला” म्हणता येत नाही, कारण लिफ्ट खरोखरच हवी होती. “मानभावीपणे बोलला” हेच अचूक.

लोकलमध्ये हीच गोष्ट छोट्या मापात भेटते : “ताई, पुढच्या डब्यात बघा, तिथे आरामात बसाल,” असं मानभावीपणे सांगणारीची नजर तिघींच्या बाकावर सरकून मिळणाऱ्या चौथ्या सीटवर असते.

लिहिताना एक घोटाळा हटकून होतो. ‘मनोभावे’ म्हणजे अगदी मनापासून, म्हणजे बरोबर उलट. “त्यांनी मानभावीपणे गणपतीची सेवा केली” असं मंडळाच्या अहवालात छापून आलं, तर कार्यकर्ते पुढच्या वर्षी वर्गणीला फिरायचे नाहीत.