दुसरा सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे

सकाळी ऑफिसात येऊन सगळेजण ज्या नाव-पासवर्डने लॉगिन करतात, शेअर फोल्डर उघडतात, त्याची सगळी नोंद डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरवर असते, तीच अॅक्टिव्ह डिरेक्टरी. टॅलीचा बॅकअप सगळे घेतात, याचा फार कमी लोक घेतात, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत ना!

दोन हवेतच, एक बसला तर दुसऱ्यावर काम चालतं. पण एकावर केलेला बदल दुसऱ्यावर जातोच, मग ते डिलीट का असेना. अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या एका कस्टमरकडे जुनी अकाउंट्स साफ करताना चुकून अख्ख्या अकाउंट्स डिपार्टमेंटचे युजर डिलीट झाले, ऐन पगाराच्या दिवशी, आणि मिनिटभरात दुसऱ्या सर्व्हरवरूनही गेले. अॅक्टिव्ह डिरेक्टरीचा रिसायकल बिन चालू केलेला नव्हता (विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून ही सोय आहे, पण आपण चालू करावी लागते, आजच करून घ्या). बॅकअप होता म्हणून वाचले. तरी नुसता रिस्टोअर करून भागत नाही, दुसरा सर्व्हर म्हणतो हे तर डिलीट झालंय आणि परत पुसून टाकतो, म्हणून सर्व्हर नॉर्मल मोडमध्ये चालू करायच्या आधी त्या युजरना ऑथॉरिटेटिव्ह, म्हणजे हीच नोंद खरी धरायची, असं मार्क करावं लागतं. आणि हे सगळं ज्या खास मोडमध्ये सर्व्हर चालू करून करतात, त्या रिस्टोअर मोडचा पासवर्ड? तो डोमेन कंट्रोलर बनवताना टाकलेला, ज्याने टाकला तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला. सर्व्हर चालू होता म्हणून एनटीडीएसयुटिल या विंडोजच्याच टूलने बदलता आला, सर्व्हर बूटच झाला नसता तर तिथेच अडकलो असतो.

आम्ही रोज रात्री विंडोज सर्व्हर बॅकअपने सिस्टम स्टेट घेतो, त्यात डिरेक्टरीचा डेटाबेस, सिसव्हॉल (लॉगिन स्क्रिप्ट आणि पॉलिसीचं फोल्डर), रजिस्ट्री सगळं येतं, आणि या सॉफ्टवेअरचे वेगळे पैसे पडत नाहीत. व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) स्नॅपशॉटवर विसंबू नका, विंडोज सर्व्हर २०१२ च्या आधीच्या सर्व्हरवर स्नॅपशॉटने मागे गेलात तर दोन सर्व्हरचा मेळच तुटतो. बॅकअप ठेवायची जागा डोमेनच्या बाहेर आणि तिचा पासवर्ड वेगळा हवा, नाहीतर रॅन्समवेअर आलं की बॅकअपही त्याच्यासोबत लॉक.

एक कॉपी बिल्डिंगच्या बाहेर ठेवाच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता, आणि आपल्याकडे किती जणांचे सर्व्हर अजून तळमजल्याच्या गाळ्यात जमिनीवर ठेवलेले असतात ते आम्ही रोज बघतो!

बॅकअप फार जुनाही चालत नाही. डिलीट झालेल्या गोष्टींची खूण साधारण १८० दिवस राहते, जुन्या काळापासून चालत आलेल्या डोमेनमध्ये ६० च असू शकतात, त्याहून जुना बॅकअप रिस्टोअर करता येत नाही.

पहिल्या व्हिजिटला आम्ही हा दिवसांचा आकडा तपासतो, रिस्टोअर मोडचा पासवर्ड नवा करून बंद पाकिटात तुमच्या हातात देतो, आणि एक रिस्टोअर वेगळ्या मशीनवर, नेटवर्कपासून तोडून, तुमच्यासमोर करून दाखवतो. त्या दिवशी अॅडमिन पासवर्ड माहीत असलेला माणूस तेवढा ऑफिसात हवा.